गुडघ्यामागची खूण

सोमवार, ४

डॉक्टर म्हणाले, रोज काय होतंय ते लिहून ठेवत जा, म्हणजे विचारलं की सांगता येतं. मी म्हटलं, मला काही होत नाही. तर म्हणाले, मग तेच लिहा.

काही होत नाही.

आता पान काढलंच आहे तर झालेलं लिहून टाकते. डाव्या तळपायाला, टाचेच्या जरा पुढं, काळा डाग आला होता. मला वाटलं मार्किंगच्या शाईचा. कोणाचा कपडा ते कळावं म्हणून लाँड्रीत आतल्या शिवणीजवळ खूण घालतो, तिची शाई पक्की असते. सांडते, पाय पडतो. साबणानं घासला, लिंबानं घासला, स्पिरिटनं घासला. ढिम्म. जन्मभर लोकांचे डाग काढले आणि स्वतःच्या पायाचा निघेना. सोडून दिला. तळपाय कोणाला दाखवायचाय?

दिसला तो वन्संना. वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई. आमचे हे गेल्यापासून लाँड्रीत आम्ही दोघीच. मी धुते, डाग काढते, खुणा घालते. त्या इस्त्री करतात आणि काळजी करतात. इस्त्रीपेक्षा काळजी कडक.

"वहिनी, हा वाढलाय. कडा बघा, चिंधीसारख्या फाटल्यात."

"पाय सोडा, गुदगुल्या होतात."

नाही सोडला. घर डोक्यावर घेतलं. दवाखान्यात नेलंच. तिथं तुकडा काढून तपासायला पाठवला, आज सांगितलं, कातडीचा कॅन्सर.

येताना वन्सं बसमध्ये रडल्या. समोरच्या बाईनं मला विचारलं, "कोण गेलं हो?"

मी म्हटलं, "अजून कोणी नाही."

बुधवार, ६

आज डॉक्टरांनी सगळं समजावलं. डाग भोवतीच्या कातडीसकट काढायचा. ते मला लगेच कळलं. पुढचं वन्संनी पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून कळलं.

अंगात जागोजागी बारीक गाठी असतात, गाळण्यांसारख्या. पायातलं पाणी वर जाताना त्यांतून गाळून जातं. आजार डागातून निघून पुढं सरकला असेल तर तो पहिल्या गाळणीत अडकतो. ती पहिली गाळणी नेमकी कुठं आहे ते शोधायचं, काढायची आणि तपासायची. कोरी निघाली तर बाकीच्यांना हात लावायला नको.

"आणि कोरी नाही निघाली तर?" वन्सं.

"ते तेव्हा बघू."

मी म्हटलं, आमच्या मशीनलाही जाळी असते. कोणाच्या खिशात काय होतं ते जाळीत कळतं. डॉक्टर हसले. तरणा माणूस आहे पण डोळ्यांखाली पिशव्या. कॉलर नीट धुतलेली नव्हती.

गाठ शोधायची कशी, तर आदल्या दिवशी डागाभोवती सुया टोचून किरणांचं औषध घालतात. ते पाण्याच्या वाटेनं चालत जातं आणि पहिल्या गाळणीत जाऊन बसतं. मग कॅमेऱ्यात दिसतं. ऑपरेशनच्या वेळी आणखी एक निळं औषध घालतात, ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

"म्हणजे वहिनी अंधारात चमकणार?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, "चमकले असते तर बरं झालं असतं. मागच्या खोलीतला दिवा गेलाय."

वन्संना हसू आलं नाही. त्यांना विनोद समजत नाहीत.

शुक्रवार, ८

वन्संना डाग काढायला शिकवायला घेतलं. पायाला टाके पडले की मला उभं राहता येणार नाही, एवढंच कारण. दुसरं काही नाही.

रक्ताला थंड पाणी. गरम लावलं की डाग बसलाच. तेलाला आधी खडूची भुकटी, मग साबण. गंजाची पूड वेगळी, तिला हातमोजे. शाईला स्पिरिट, पण कापड बघून. सोपं आहे. पालथ्या घड्यावर पाणी! हॉटेलचा टेबलक्लॉथ होता, आचाऱ्याचं बोट कापलेलं. वन्सं वाफाळती बादली घेऊन आल्या.

"तुम्हाला डोकं आहे की खुंटी?" मी ओरडले. "रक्ताला गरम पाणी?"

तर रडायला लागल्या. "मला नाही शिकायचं वहिनी. तुम्ही आहात ना."

"मी आहे. पाय नाही."

"मग डागाचे कपडे घ्यायचेच नाहीत."

वा! न्हाव्यानं डोक्यावर केस असलेलं गिऱ्हाईक घ्यायचंच नाही. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभ्या आहेत, हात लावतील ते नीट इस्त्री करतात, आणि एवढं साधं डोक्यात शिरत नाही. मला वाटतं मुद्दाम करतात. कामचुकारपणा, दुसरं काय.

मंगळवार, १२

थकवा आहे. डॉक्टरांना सांगायला लिहिलं. काही न करता थकायला होतं हे नवीनच आहे.

वन्संनी दवाखान्यात न्यायचे माझे कपडे पिशवीत भरले. बघते तर प्रत्येकाला आतून खूण. घरच्या कपड्यांना आम्ही कधी खूण घालत नाही, ते जाणार कुठं? तर म्हणे, तिथं सगळ्या पेशंटचे कपडे एकत्र धुवायला जातात, तुमचे परत यायला हवेत. खूण तरी कसली, चौकोन आणि त्यात दोन टिंबं.

"ही कोणाची खूण?"

"तुमची. नवी आहे."

"दोन टिंबं कशाला? एक पुरलं असतं."

"असू दे."

शाई फुकट घालवायची सवयच आहे.

बुधवार, १३

आज औषध घातलं. सुया लागतात. तळपायाची कातडी जाड असते म्हणून मला वाटलं कळणार नाही. कळलं. चार सुया, चारही कळल्या. मी गप्प राहिले. ओरडल्या त्या वन्सं, बाहेरून, माझा चेहरा बघून.

मग कॅमेऱ्याच्या खोलीत आडवं केलं. खोली गार. कॅमेरा म्हणजे इस्त्रीच्या टेबलाएवढी पाटी, अगदी अंगावर येते. तिथली बाई चटपटीत होती. मला आवडली. पडदा माझ्याकडं वळवून दाखवला. तळपायाशी भला मोठा पांढरा ठिपका, तिथून बारीक रेघ वर निघालेली, पाण्याच्या ओघळासारखी. रेघ गेली जांघेत आणि तिथं ठिपका झाला. पण मध्ये गुडघ्यामागंही एक छोटा ठिपका होता.

"तुमच्या पायाला दोन वाटा आहेत आजी," ती म्हणाली. "असं सगळ्यांना नसतं."

मी म्हटलं, "मला काही सरळ मिळालंय का आजवर?"

तिनं दोन्ही ठिपक्यांच्या वर कातडीवर पेननं फुल्या काढल्या. एक जांघेत, एक गुडघ्यामागं. मी कपडे घालत होते तेव्हा ती मागून काहीतरी सांगत होती. मी हो हो म्हटलं. सिस्टरनं सांगितलं, घरी जा, स्वच्छ अंघोळ करा आणि उजाडताच या.

घरी आले. अंघोळ केली. आता स्वच्छ म्हटलं की मला अर्धवट चालत नाही. उद्या डॉक्टर, सिस्टर, चार लोक बघणार. अंगावर शाईच्या फुल्या घेऊन मी जाणार नाही. साबणानं जाईना. स्पिरिट घेतलं. गेल्या. एवढं समाधान झालं, बऱ्याच दिवसांनी काहीतरी घासलं आणि ते निघालं.

जेवताना वन्संना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"वहिनी, खूण पुसलीत?"

"शाई होती."

"खूण होती! तुम्हीच मला शिकवलंत. पहिल्या दिवशी, पहिली गोष्ट. डाग धुवायचा, खूण धुवायची नसते."

मला एकदम घाम फुटला. हे लिहून ठेवते. डॉक्टरांना सांगणार नाही, पण लिहून ठेवते.

मग विचार केला, यात एवढं काय. पुसलेली खूण परत घालायची. कपड्याची जाते तेव्हा आपण दुसरी घालतोच की. जांघेतली जागा अजून जराशी लाल होती, तिथं फुली काढली. गुडघ्यामागं काही दिसेना. आरसा स्टुलावर ठेवला, पाठमोरी वळले, बाईनं काढलेली आठवून फुली काढली. आपल्याच शाईनं. आता पुसायची भीतीच नको.

वन्सं म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगू या."

"काही सांगायचं नाही. बोटभर इकडं की तिकडं. सांगितलं तर परत सुया, परत कॅमेरा, परत पहिल्यापासून. आणि अडाणी म्हणतील ते वेगळंच."

"म्हणू देत."

"वन्सं, माझी शपथ आहे तुम्हाला."

गप्प बसल्या. एकदाच्या.

शुक्रवार, १५

ऑपरेशन काल झालं. काल लिहिता आलं नाही. आज लिहितेय ते रागानं लिहितेय.

काल सकाळपासून वन्संनी तोंड उघडलं नव्हतं. मला बरं वाटलं, म्हटलं शहाण्या झाल्या. ऑपरेशनच्या दाराशी ढकलगाडीवर मी आडवी. डॉक्टर आले, चादर उचलून दोन्ही फुल्या बघितल्या, छान म्हणाले. गाडी आत निघाली. तेवढ्यात वन्संनी गाडीची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"थांबा! ती खूण तुमची नाही, आमची आहे!"

सगळे थांबले. पलीकडच्या गाडीवरचा म्हातारासुद्धा मान उचलून बघायला लागला.

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"वहिनींनी तुमची पुसली. स्पिरिटनं. मग आरशात बघून स्वतः काढली. खोटं वाटत असेल तर पुसून बघा, जायचीच नाही. आमच्या लाँड्रीची शाई आहे!"

"वन्सं!" मी म्हटलं. "शपथ घातली होती!"

"मोडली! काय व्हायचं ते मला होईल."

सिस्टर माझ्यावर ओरडायला लागली. इतकं सांगितलं होतं पुसू नका म्हणून, वगैरे. डॉक्टर ओरडले नाहीत. ते भिंतीला टेकले. मग म्हणाले, कॅमेऱ्याच्या बाईंना बोलवा.

ती आली. हातात एक जाड काठी, वायर लावलेली. औषध जिथं जाऊन बसलंय तिथं ती काठी टिकटिक करते. जांघेतल्या माझ्या फुलीवर धरली, टिकटिक झाली. मी म्हटलं, बघा. मग मला कुशीवर वळवलं आणि गुडघ्यामागच्या फुलीवर धरली. एखादंच टिक, तेही मरगळलेलं. बाईनं काठी सरकवत दुसऱ्या कडेला नेली. तापल्या इस्त्रीवर पाणी उडवावं तशी तडतडली.

"आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, आजी," ती म्हणाली.

"माहितेय मला."

माहीत होतंच. तेव्हा सुचलं नाही.

तिनं नवी फुली काढली. माझी तशीच राहिली, ती निघेना. डॉक्टरांनी तिच्यावर आडवी काट मारली, चुकलेल्या गणितासारखी. वन्संना म्हणाले, "काठी आतही असते, आम्ही शोधलंच असतं. पण आधी भलतीकडं चिरलं असतं. गुडघ्यामागची गाठ बारीक असते, शोधून शोधून नाद सोडावा लागतो कधी कधी. बोललात ते बरं केलंत."

बरं केलंत! चारचौघांत माझी लाज काढली ते बरं केलं. आत नेताना मागं बघितलं तर अजून तिथंच उभ्या, दोन्ही हात तसेच पुढं, जणू दांडी धरलेलीच आहे.

शनिवार, १६

वन्संशी बोलत नाही. त्यांच्या ते लक्षातच येईना, म्हणून शेवटी सांगावं लागलं की मी तुमच्याशी बोलत नाहीये. "बरं," म्हणाल्या आणि उशी सारखी केली.

लघवी हिरवी होते. निळ्या औषधामुळं होणार असं सांगितलं होतं, पण वन्सं भांडं घेऊन वॉर्डभर पळाल्या. सिस्टर म्हणाली, उद्यापर्यंत जाईल. पायाची पट्टी बदलताना बघितलं, टाचेभोवती कातडी निळी पडलीय. ती मात्र काही महिने राहील म्हणे.

पांढऱ्या कपड्यांना आयुष्यभर नीळ घातली. आता मला घातली. कपडे उजळतात तरी.

टाके ओढतात. झोप येत नाही. शेजारची बाई घोरते आणि सकाळी मलाच विचारते, झोप लागली का.

कपडे धुऊन परत आले. सगळे आले. चौकोन बघून लगेच ओळखता आले, खोटं कशाला बोलू.

बुधवार, २०

घरी आले. काठी टेकत दुकानात गेले, कारण माझ्यामागं काय गोंधळ घातला असेल ते बघायचं होतं. मांडणीवर कपडे घड्या करून ठेवलेले. वर हॉटेलचा टेबलक्लॉथ. उलगडून उजेडात धरला. रक्ताचा डाग गेलेला. कडासुद्धा राहिली नव्हती. मी काढला असता तर कडा राहिली असती, डाग जुना झाला होता.

"हा कोणी काढला?"

"मी. दुसरं कोण आहे इथं?"

"कशानं?"

"थंड पाणी आणि मीठ. मग रात्रभर भिजत."

खाली एक शर्ट होता, शाईचा. तोही साफ. गंजलेल्या बटणांचा कोट, तोही.

"येत होतं तर त्या दिवशी गरम पाणी कशाला आणलंत? आणि रडलात कशाला?"

इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडत बसल्या.

मला ही बाई कळत नाही. येणारं काम येत नाही म्हणायचं आणि वर रडायचं, यात काय मिळतं माणसाला?

रविवार, २४

गाठींचा तपास अजून यायचाय. काही करवत नाही. बसून खुणा घालते. त्यातही दोनदा चुकले, शिक्षकांच्या शर्टावर सलूनच्या टॉवेलची खूण घातली. शिक्षक बिचारे टक्कल पडलेले.

वन्संशी बोलायला लागले. मीठ कुठंय ते विचारायचं होतं.

गुरुवार, २८

आज गेलो होतो.

डॉक्टरांनी आधी पाय बघितला, चांगला भरतोय म्हणाले. मग कागद उघडला. जांघेतली गाठ कोरी. स्वच्छ, काही नाही. वन्संनी माझा हात दाबला. मग म्हणाले, गुडघ्यामागची कोरी नाही. त्यात आहे. अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढं, पण आहे.

मी विचारलं, "म्हणजे पळाला?"

"निघाला होता. पहिल्याच दारात सापडला असं धरून चालू. पण धरून बसायचं नाही. सगळ्या अंगाचा फोटो काढू. मग सलाईनमधून औषध, बरेच महिने चालेल. आणि दर थोड्या दिवसांनी तपासणी. सापडलं हे चांगलं झालं."

"चांगलं झालं तर तुम्ही असे का दिसताय?"

"मी रोजच असा दिसतो," ते म्हणाले.

कॉलर आज पण तशीच. मी म्हटलं, शर्ट आमच्याकडं टाकत जा. बघतो म्हणाले.

बसमध्ये मी खिडकीतून बघत होते आणि एकच विचार डोक्यात. जांघेतली कोरी निघाली. तेवढीच हाती लागली असती, गुडघ्यामागं माझ्या फुलीवर चिरून काही मिळालं नाही म्हणून सोडून दिलं असतं, तर आज मी कोरी म्हणून घरी आले असते. आल्या आल्या मशीन लावलं असतं. वन्संना म्हटलं असतं, बघा, उगाच कटकट केलीत. आणि ते सुईचं टोक आत बसून राहिलं असतं.

वन्संना यातलं काही बोलले नाही. कसं बोलायचं ते मला येत नाही.

पण गंमत अशी, की त्याही बोलल्या नाहीत. बसमध्ये रडल्या नाहीत. घरी आल्या, इस्त्री तापवली आणि चादरी घेऊन बसल्या. एकच चादर. इकडून फिरवली, तिकडून फिरवली, घडी केली, उलगडली, परत फिरवली. इस्त्रीचा तेवढा आवाज. इतकी वर्षं त्यांच्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून जीव काढला, आणि आज लागलं तर मला दुकानात बसवेना.

"वन्सं, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. एरवी मुंगी चावली तर गाव गोळा करता."

"नको. तुम्ही ओरडता."

"नाही ओरडत."

इस्त्री उभी केली. आल्या, माझ्या पुढ्यात खाली बसल्या आणि माझा पाय मांडीवर घेतला. पट्टी नीट आहे का बघितली. मग पाय जरा वळवून गुडघ्यामागं बघितलं. टाक्यांच्या शेजारी माझी फुली, वर डॉक्टरांची काट कधीच गेलीय, फुली मात्र काळीभोर. वन्संनी अंगठा ओला केला आणि ती घासायला लागल्या.

"नाही जायची," मी म्हटलं. "आपली शाई आहे."

घासतच राहिल्या. मग घासता घासता रडल्या. मोठ्यानं, नेहमीसारख्या, दारात उभं असलेलं गिऱ्हाईक कपडे न टाकताच परत गेलं. सगळं पाणी माझ्या पायावर. टाक्यांना ओल लागू देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय.

मी पाय सोडवून घेतला नाही.